लाखांत एक

आमच्या घराण्यात चळवळीचं रक्त नाही. बेचाळीस साली आजोबा पोस्टात होते आणि 9 ऑगस्टलाही वेळेवर कामावर गेले, हे आजी कौतुकाने सांगायची. तेव्हा एप्रिल 2015 मध्ये मी डोंबिवलीच्या घरात, बनियनवर, पंख्याखाली बसून आंदोलनात उतरलो, याचं सगळं श्रेय इंटरनेटला.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, मार्चअखेर 118 पानं काढून जनतेला 20 प्रश्न विचारले होते. व्हॉट्सअ‍ॅप-स्काइपला नियमांत बांधायचं का, मोबाइल कंपन्यांनी काही साइट फुकट आणि बाकीच्या पैसे घेऊन दाखवल्या तर चालेल का, असा हा नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या साइटना सारखंच वागवण्याचा, मामला. 118 पानं! मी सोसायटीच्या सभेचं इतिवृत्तसुद्धा फक्त सहीपुरतं उघडतो. पण 'सेव्ह द इंटरनेट'च्या स्वयंसेवकांनी विसांच्या वीस उत्तरं लिहूनच ठेवली होती आणि एआयबी या विनोदी कंपूतल्या पोरांनी व्हिडिओ काढून सगळं प्रकरण हसत-खेळत समजावलं होतं. आपण फक्त नाव घालून पाठवायचं. गाइडच्या जोरावर पदवीधर झालेल्या माणसाला असं आंदोलन मानवणारच. भाचीने लिंक पाठवली आणि कुकरच्या दुसऱ्या व तिसऱ्या शिट्टीच्या दरम्यान मी नेट न्यूट्रॅलिटी वाचवली.

अशा दहा लाखांवर ईमेल गेल्या. ट्रायने त्या पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट वेबसाइटवर टाकल्या, तेव्हा देशभर बोंब झाली. मला मात्र ताम्रपट मिळाल्यासारखं वाटलं. ऑफिसात गळ्यात पडून सांगितलं, शोधा, मी पण आहे! शोधायला पत्ता लागतो, म्हणून तोही एकेक अक्षर करून मोठ्याने सांगितला. तो मी कॉलेजात असताना सायबर कॅफेत काढला होता. त्यात 'शाहरुख' येतो, एवढंच इथे सांगतो. यादीत मी कुणाला सापडलो नाही. पण अकाउंट्सच्या बाई अजून मला त्याच नावाने हाक मारतात.

डिसेंबरात ट्रायने पुन्हा विचारलं, या वेळी चारच प्रश्न, डेटाच्या वेगवेगळ्या दरांबद्दल. आणि फेसबुकने निवडक साइट फुकट दाखवणाऱ्या आपल्या 'फ्री बेसिक्स'साठी पानपानभर जाहिराती सुरू केल्या. खुद्द झुकरबर्गने वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्यात दाखला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचा, फ्री बेसिक्सवर हवामान बघणाऱ्या. शेतकरी म्हटलं की मी विरघळतो. आमच्याकडे सात-बारा कुणी पाहिलेला नाही, त्यामुळे जास्तच. फेसबुक उघडलं तर शाळेच्या ग्रुपातले निम्मे ट्रायला संदेश पाठवून मोकळे झालेले. इथेही मजकूर तयारच. गरिबाला फुकट इंटरनेट मिळत असेल तर नाही कशाला म्हणा? दाबलं बटण. वर 'मी पाठवला, तुम्हीही पाठवा' असं भिंतीवर लिहिलं.

भाचीचा लगेच फोन. "मामा, एप्रिलमध्ये तू ज्याच्या विरोधात लिहिलंस ना, ते हेच."

"अगं, वाचलं नव्हतं मी."

"एप्रिलमध्ये, की आत्ता?"

हा प्रश्न त्या विसांत नव्हता, त्यामुळे तयार उत्तरही नव्हतं.

जानेवारीत ट्रायने फेसबुकला खरमरीत पत्र लिहिलं. विचारलं होतं दरांबद्दल, आणि आलेत नुसते पाठिंबे; आम्ही मतं मागवली, तुम्ही त्यांची शिरगणती करून टाकलीत, अशा अर्थाचं. मला उद्देशून नव्हतं, तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं असं या प्रकरणातलं ते माझं एकमेव कागदपत्र. आजोबांच्या काळी बरं होतं. मोर्च्यात जायचं तर एका वेळी एकाच बाजूला उन्हात उभं राहावं लागे. मी घरबसल्या दोन्ही ढिगांत होतो, तेवढ्याच तळमळीने. 118 पानं ज्यांनी खरोखर वाचली, त्या पोरांनी आंदोलन केलं. मी त्यांच्या मागची गर्दी, आणि समोरचीही.

8 फेब्रुवारी 2016 ला निकाल लागला. साइट बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी, मोडणाऱ्याला दिवसाला 50 हजार दंड. तीनच दिवसांत फेसबुकने भारतातून फ्री बेसिक्सचा गाशा गुंडाळला. मी पेढे घेऊन घरी आलो.

"अहो, पण तुम्ही हरलातही ना?" बायकोने विचारलं.

"म्हणून तर पाव किलोच आणलेत."