वसूलपात्र

सिनेमा कसा होता, असं अण्णांना विचारू नये. आक्षेप किती निघाले, असं विचारावं. स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागातून अण्णा निवृत्त झाले तेव्हा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आता पाळी सिनेमावाल्यांची आहे.

शुक्रवारचा दुपारचा खेळ, कडेची खुर्ची, मांडीवर वही. घरी येताना जिन्यात जो सापडेल त्याला तोंडी अहवाल. "मी स्पष्ट बोलणारा माणूस," ही प्रस्तावना ठरलेली, आणि सिनेमा पडेल निघाला तर शेवटही ठरलेला : "तिकिटाची रक्कम वसूलपात्र!"

'लापता लेडीज' त्यांना बरा वाटला असावा, कारण मुख्य आक्षेप एकच. "नवरा पोलिसांना बायकोचा फोटो दाखवतो आणि फोटोत बाई घुंगटात! रेशनकार्डाला चालेल का असला फोटो?" तो पान चघळणारा फौजदार मात्र त्यांना चोख वाटला. लाच घेतो, पण हिशेबानं घेतो.

'सैराट'मध्ये हैदराबादचा भाग आला की अण्णा पुढे सरकून बसतात. डोशाच्या गाडीची रोजची विक्री किती, आर्चीला कारखान्यात पगार किती, खोलीभाड्याची पावती कुठाय? शेवटच्या प्रसंगावर मात्र वहीत काही नाही. त्या पानावर त्यांनी नुसती तारीख घातली आहे.

सगळ्यांत चांगला शेरा मिळाला चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला. मागच्या रांगेतली पोरं मध्येच उठून गेली, अण्णा ताठ बसून होते. तारीख, पुढची तारीख, मग न्यायालयाला सुट्टी. "याला म्हणतात कामकाज!" न्यायाधीश सहलीला जाऊन बाकावर डुलकी काढतात, त्यावरही आक्षेप नाही. "रजा मंजूर असेल ना!"

'बाईपण भारी देवा'ला काकू बरोबर होत्या. मंगळागौरीच्या स्पर्धेचा खर्च सहा बहिणींत कसा विभागला, एवढंच अण्णांनी विचारलं. "तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या. परिच्छेद प्रलंबित आहे.

स्पष्टवक्तेपणालाही गाव बघून वागावं लागतं. 2025 मध्ये 'छावा' लागला तेव्हा थिएटरात घोषणा चालू होत्या. बाहेर आल्यावर अण्णांनी डावी-उजवीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "आवाज जरा मोठा होता." मग घाईघाईनं, "थिएटरचा हो, थिएटरचा."

पण त्यांचं खरं प्रकरण 'तुंबाड'चं. 2018 मध्ये त्यांनी तो पाहिला, तेव्हा त्यातला हस्तर नावाचा देव बघून लोक खुर्चीला घट्ट धरून बसले होते आणि अण्णा पीठ मोजत होते. विनायक विहिरीत पिठाच्या बाहुल्या नेतो, सोन्याच्या मुद्रा आणतो. पीठ किती खर्ची पडलं, मुद्रा किती जमा झाल्या, साठा नोंदवही कुठंही नाही. सावकार मुद्रा घेतो, पावती देत नाही. देवाच्या लंगोटीतून रक्कम काढायला मंजुरी कोणाची?

2024 च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जोरात चालला. अण्णा पहिल्याच दिवशी हजर! काकूंना वाटलं, अखेर यांना एखादा सिनेमा आवडला म्हणायचा.

रात्री अण्णा तणतणत परतले. "सहा वर्षं दिली होती. एकाही आक्षेपाचं अनुपालन नाही."

"मग आता?"

"पुन्हा लागू दे. पुन्हा तपासतो."