जाडा रवा

आतेभावाच्या लग्नानंतर, ऐन मे महिन्यात, आत्याकडे गोंधळ ठेवला होता. लग्नासाठी ठरवलेला फोटोग्राफर जेवून, पान लावून संध्याकाळीच निघून गेला. त्यामुळे घराण्याची सगळी भिस्त माझ्यावर.

"फ्लॅश आहे ना रे?" आत्याने विचारलं.

"लागत नाही," मी म्हणालो. हे वाक्य कुणाला तरी ऐकवायला मी तीन वर्षं टपून बसलो होतो.

फ्लॅशशी माझं वैर जुनं. फ्लॅशने माणूस फोटोत येतो, पण शिंक्यातलं लोणी चोरताना सापडल्यासारखा येतो. मला हवी होती दिवटीच्या उजेडातली माणसं, आणि त्यासाठी फास्ट, म्हणजे थोड्या उजेडावर भागवणारी, ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये आली, तेव्हापासून अंधाऱ्या जागी फोटो काढणाऱ्यांचा तिच्यावर जीव. आमचं बालपण मात्र पूर्व जर्मनीच्या ऑर्वो एनपी २७ वर गेलं. त्यातले २७ हे फिल्मच्या वेगाचे जर्मन डीआयएन पद्धतीतले अंश, म्हणजे आपले ४०० एएसए. पण काकांनी डबी हातात घेऊन, "३६ फोटोंचे पैसे घेतात आणि आत २७च?" असं म्हणत दुकान गाठलं होतं.

या वेळी मात्र मावसभावाने दुबईहून इलफोर्डची एचपी फाइव्ह प्लस आणली होती. तीही ४००चीच. दिवटीला ४०० पुरत नाही, म्हणून मी ती १६०० समजून वापरायचं ठरवलं. याला पुश करणं म्हणतात. आपल्याकडे पोराला वरच्या वर्गात ढकलतात, तसंच हे. पोर तेवढंच हुशार राहतं, फक्त शिकवणी वाढवावी लागते. इथली शिकवणी म्हणजे डेव्हलपरमध्ये जास्त वेळ बुडवून ठेवणं.

चौक मांडला, उसांचा मांडव उभा राहिला, संबळ कडाडला. दिवटीचा उजेड गोंधळ्याच्या गालावर नाचत होता. लेन्स दोनवर सताड उघडी, शटर साठावर, मी श्वास धरलेला. तेवढ्यात काकांनी ट्यूबलाइट लावली. "फोटो चांगले यावेत म्हणून!" मी उठून बंद केली. त्यांनी पुन्हा लावली. चार वेळा असं झाल्यावर गोंधळीच म्हणाला, "दादांना काढू द्या की." मग काका रुसून कोपऱ्यात जाऊन बसले, काळा कोट घालून. पुढे याचे परिणाम झाले.

खरी परीक्षा रात्री एक वाजता, न्हाणीघरात. ही फिल्म लाल दिव्यातही उघडता येत नाही, मिट्ट काळोख लागतो. पाणी २० अंशांचं हवं. मे महिन्यात आत्याकडचा नळ तीसच्या खाली यायला तयार नसतो, म्हणून उद्याच्या पन्ह्याचा बर्फ मी आधीच लंपास केला होता. दिव्याचं बटण बाहेर, म्हणून भाच्याला राखणीला बसवलं. मी अंधारात घामेजल्या बोटांनी फिल्म रिळावर चढवत होतो आणि ती निम्म्यावर अडून बसली होती. भाचा केव्हाच झोपला होता.

"आत अंधारात कोण धडपडतंय?" म्हणत आत्याने बटण दाबलं.

बल्ब माझ्या खिशात होता. आयुष्यात मी दाखवलेली दूरदृष्टी ती एवढीच.

"बल्ब गेला वाटतं. अहो, बॅटरी आणा!" काकांच्या चपला वाजू लागल्या. दाराखालून बॅटरीचा झोत आत शिरला, तेव्हा फिल्मच्या टाकीचं झाकण नुकतंच फिरलं होतं. त्यानंतर आयडी-११ डेव्हलपरमध्ये, साडेसातऐवजी चौदा मिनिटं, मी टाकी हलवत बसलो. बाहेरून दर दोन मिनिटांनी "पोट बिघडलंय का रे?" अशी चौकशी चालू होती.

पंधरा दिवसांनी मोठे प्रिंट घेऊन गेलो. गोंधळ्याच्या कपाळावरचा घाम, तुणतुण्याची तार, नवरीची जांभई, सगळं आलं होतं. काका आले नव्हते. फिल्म कितीही ढकला, जिथे उजेड पडलाच नाही तिथे काळंच राहतं. काळा कोट, काळा कोपरा. एक चष्म्याची काडी तेवढी चमकत होती. त्यांनी तीच ओळखली आणि मुद्दाम काढलं म्हणाले.

आत्याची हिरवी पैठणी राखाडी झाली होती. ते तिने गिळलं. पण फास्ट फिल्ममधले चांदीच्या क्षारांचे कण मोठे असतात. हळू फिल्मचा फोटो मैद्यासारखा, हिचा जाड्या रव्यासारखा. त्यात ढकललेली, म्हणजे रवा आणखी भरड. मला तर तेच आवडतं. त्या रव्यात रात्र दिसते.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला. पदराने पुसला. पुन्हा पाहिला. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "अगं, कोरडं फडकं आण. सांडलंय काहीतरी यावर."