सोयरीक जुळली, शाळा नाही

नांदेडच्या तरोड्यात राहणाऱ्या जोडप्याची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळते. खटका उडतो तो पोराच्या दहावीच्या निकालानंतर. बाई शिकल्या लातूरच्या केशवराज विद्यालयात, बुवा नांदेडच्या प्रतिभा निकेतनमध्ये. मग अकरावी कुठं?

बाईंच्या लेखी प्रश्नच नाही: राजर्षी शाहू कॉलेज, लातूर पॅटर्न, सराव परीक्षांवर सराव परीक्षा. (माहेरी भाऊ दयानंद कॉलेजचा. ते भांडण वेगळं.) बुवा फणकारतात, "आमचं यशवंत, सायन्स कॉलेज काय बंद पडलंय का?"

इथून दोन शहरांचा जुना हिशेब निघतो. १९९४ला विद्यापीठ नांदेडला, लातूरच्या वाट्याला उपकेंद्र. २००९ला महसूल आयुक्तालयही नांदेडला द्यायचं ठरलं तेव्हा लातूर रस्त्यावर उतरलं. मिळालं कुणालाच नाही. "तुमचा तर जिल्हाच १९८२चा!" असं बुवा म्हणाले, की वरणात मीठ पडत नाही. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेल्या पाण्याचा विषय काढला, तर वरणच होत नाही.

दिवाळीत दोघंही आपापल्या बॅचच्या गेट-टुगेदरला जातात. भगवे फेटे, शाल-श्रीफळ, ज्या सरांनी पट्टीनं बोटं सुजवली त्यांच्याच पाया पडून सेल्फी. "आमच्या वेळची शिस्त राहिली नाही," हे वाक्य दोन्ही शहरांत एकाच चालीत म्हटलं जातं.

पोराला अजून कुणी विचारलेलं नाही. त्यानं राजस्थानातल्या कोट्याच्या क्लासचा ऑनलाइन फॉर्म भरलाय, आणि ओटीपी बापाच्याच मोबाइलवर आलाय.