बघूसाहेब

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात जा, आयटी विभाग म्हणजे जिन्याखालची एक खोली आणि तिच्यात बसलेले एक गृहस्थ. प्रिंटर, सीसीटीव्ही, हजेरीचं मशीन, कंपनीचं डोमेन, सगळं त्यांच्याच गळ्यात. या जमातीतल्या एकांना मी जवळून बघतोय. ऑफिसात त्यांना बघूसाहेब म्हणतात. काहीही मागा, ते नाही म्हणत नाहीत. हो पण म्हणत नाहीत. ‘बघू’ म्हणतात, आणि खरोखरच बघत बसतात.

माणूस हुशार, यात वाद नाही. ईमेलवर पाठवणाऱ्याच्या जागी कुणीही कुणाचंही नाव घालू शकतो, कारण १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा ते नाव तपासायची सोयच ठेवली नव्हती, हे त्यांनी चहावाल्या पोऱ्यालासुद्धा समजावून सांगितलंय. मध्यंतरी ‘आमचं बँक खातं बदललं आहे’ अशी बनावट मेल कंपनीच्या नावाने एका गिऱ्हाइकाला गेली. त्याने फोन करून विचारलं म्हणून पैसे वाचले. एमडींनी साहेबांना वर बोलावलं, आणि साहेब कामाला लागले.

आधी एसपीएफ. आपल्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायची, त्याची यादी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, टाकायची. यादीच्या शेवटी येणाऱ्या ‘ऑल’ या शब्दाआधी उणे चिन्ह दिलं की बाकीच्यांना सरळ मनाई; त्याजागी टिल्ड, म्हणजे ती नागमोडी रेघ, दिली की नुसता संशय. साहेबांनी कुठली रेघ दिली हे सांगायला नको. मग पगाराच्या स्लिपा पाठवणारे आले, एचआरचं भरतीचं सॉफ्टवेअर आलं, मार्केटिंगच्या मॅडमनी न्यूजलेटरची सेवा घेतली. प्रत्येकाला यादीत जागा हवी. एसपीएफ तपासताना डीएनएसकडे दहाच चौकशा चालतात, अकरावी लागली की अख्खी नोंद बाद. साहेबांना हे तोंडपाठ. पण मॅडमना नाही कोण म्हणणार? नोंद बाद झाली.

डीकेआयएम मात्र त्यांनी देखणं केलं. त्यात प्रत्येक मेलवर सर्व्हर सही करतो आणि सही पडताळायची सार्वजनिक की डीएनएसमध्ये ठेवावी लागते. २०४८ बिटांची की एका ओळीत मावत नाही. २५५ अक्षरांच्या आत तोडून दोन तुकड्यांत द्यावी लागते. साहेबांनी ती कागदावर छापून घेतली, खाली पट्टी धरून पेन्सिलीने एकेक अक्षर टिपलं, आणि कॉपी-पेस्टमध्ये कुठेतरी गळलेलं एक अक्षर शोधून काढलं. तो कागद अजून त्यांच्या पाकिटात असतो. सार्वजनिकच की, हरवली तरी चिंता नाही.

खरी गंमत डीमार्कची. (अकाउंट्सवाल्यांनी आधी डीमार्टचं बिल मागितलं.) आपल्या नावाच्या खोट्या मेलचं काय करायचं, ते इथे जगाला सांगायचं असतं. ‘नन’ म्हणजे काही करू नका, मला फक्त कळवा. ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका. ‘रिजेक्ट’ म्हणजे घेऊच नका. साहेबांनी ‘नन’ लावलं, कोविडच्या आदल्या वर्षी. सुरुवात ननपासूनच करावी असं सगळे जाणकार सांगतात. ती सुरुवात कधीतरी संपवायची असते, एवढंच साहेबांच्या कानावर आलं नसावं.

रोज सकाळी गूगल, याहू, मायक्रोसॉफ्टकडून अहवालाच्या झिप फायली येतात. साहेब त्या उघडतात, एक्सेलमध्ये ओततात, ओळी हिरव्या-पिवळ्या-लाल रंगवतात. एकदा मला बोलावून एक लाल ओळ दाखवली. ‘हा बघा, परदेशातला सर्व्हर. काल आपल्या नावाने चारशे मेल पाठवल्या. पकडला!’

‘मग थांबवला का?’

‘थांबवला नाही. नोंद घेतली.’

चोराची सही रजिस्टरमध्ये घेऊन त्याला आत सोडणारा वॉचमन मी आमच्या सोसायटीत पाहिला होता. पण त्याला निदान रंगीत पेनं नव्हती.

त्यांची कारणं सगळी खरी असतात, हीच पंचाईत. फॉरवर्ड केलेल्या मेलचं एसपीएफ मोडतं, खरं. नावात एक अक्षर बदलून कुणी वेगळंच डोमेन घेतलं तर रिजेक्टचा उपयोग नाही, खरं. आणि २०२४च्या फेब्रुवारीत गूगल-याहूने घाऊक मेल पाठवणाऱ्यांना डीमार्क सक्तीचं केलं, तेव्हा त्यांनाही ‘नन’ चालतं हे वाचून साहेबांनी वरच्या मजल्यापर्यंत पेढे वाटले.

मग लेकीच्या बाळंतपणासाठी साहेब नाशिकला गेले. त्यांच्या जागी तात्पुरत्या बसवलेल्या पोराला त्यांचा स्वभाव ठाऊक नव्हता. त्याने एका दुपारी यादी छाटली, सगळ्या सेवांच्या सह्या जोडल्या आणि थेट ‘रिजेक्ट’ लावून टाकलं. गिऱ्हाइकांच्या मेल सुरळीत, पगाराच्या स्लिपा सुरळीत. अडकलं एकच: हजेरीचं मशीन. एचआरच्या नावाने लेट मार्कच्या मेल ते परस्पर ब्रॉडबँडच्या लाइनवरून पाठवायचं. यादीत नाव नाही, सही नाही. लेट मार्क बंद.

साहेब परतले आणि घाईघाईने ‘नन’ करायला बसले, तर दारात शॉपफ्लोअरचे चार सुपरवायझर उभे. ‘राहू द्या साहेब, आता कसं सुरक्षित वाटतंय.’

साहेबांना माणसं दुखवता येत नाहीत. मशीनचा आयपी यादीत घालायला पाच मिनिटं पुरतात. एचआरच्या मॅडम रोज विचारतात, आणि साहेब रोज एक्सेलमध्ये मशीनची ओळ लाल रंगवतात.