ऊन दाखवा, म्हणजे झालं!

कोकणात कुठल्याही दुखण्यावर एकच उतारा: ऊन दाखवा. गादीत ढेकूण, ऊन दाखवा. तांदळात सोंडे, ऊन दाखवा. सुपारी आणि जवळा तर उन्हाशिवाय बाजार बघतच नाहीत. त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर रायगडच्या वाळूत डांबरगोळे येऊन पडले की बोर्ली पंचतनच्या नाक्यापासून साहेबाच्या टेबलापर्यंत सगळ्यांचं एकमत: "पडू दे, उन्हापावसानं जाईल."

जाईल की! कुठं, ते विचारायचं नाही.

दिवेआगरला आलेला पाहुणा तळव्याला चिकटलेलं डांबर खोबरेल चोळून काढतो आणि मोदकांकडे वळतो. माशांच्या पिल्लांकडे खोबरेल नसतं. हे गोळे होतात ते जहाजांतून सांडलेल्या तेलाचे, आणि त्या तेलात अँथ्रासीनच्या जातीची द्रव्यं असतात. अंधारात ती बऱ्यापैकी गप्प. पण पिल्लाच्या अंगात मुरली आणि वरून अतिनील किरण पडले, की ती तिथल्या प्राणवायूला चिथवतात आणि पेशी आतून पोळतात. पिल्लांचं अंग पारदर्शक, म्हणजे ऊन थेट आत. अमेरिकेत या अँथ्रासीनचा प्रयोग झाला, 1983 साली प्रसिद्धही झाला. विष तेच, पाणी तेच. सावलीतले मासे जगले, उन्हातले मेले.

शेतातल्या विषांचीही हीच तऱ्हा. डिल्ड्रिन नावाच्या जुन्या कीटकनाशकाचं उन्हात फोटोडिल्ड्रिन होतं आणि ते कित्येक प्राण्यांना मूळ विषापेक्षा जास्त बाधतं. ऊन काही विषं मोडतं, हेही खरं. पण कुठलं मोडेल आणि कुठलं चढेल, हे आपल्या सोयीनं ठरत नाही.

7 ऑगस्ट 2010 ला मुंबईबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-3' ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडलं आणि त्याचा तवंग रायगडच्या किनाऱ्यालाही लागला. तेव्हा सगळे धावले, कारण जहाज टीव्हीवर कललेलं दिसत होतं. दरवर्षी गुपचूप येणाऱ्या गोळ्यांना कॅमेरा नाही, म्हणून घमेलंही नाही. फार तर जेसीबी येतो आणि वरून वाळू लोटून जातो.

तेव्हा गोळे दिसतील त्याच दिवशी उचला, पुरू नका. आणि पाण्यात किती विष चालेल याचा प्रयोगशाळेतून दाखला देणाऱ्यांनी मासे एकदा उन्हात ठेवूनही तपासावेत. समुद्रात ट्यूबलाइट नसते.