वाफसा

पेरणी कधी करायची, हे मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो. ऐकायचे किती हा प्रश्न वेगळा, पण विचारायचे. बांधाला मोटारसायकल टेकवली की कुणीतरी टोपी सावरत पुढे यायचा. "साहेब, टाकू का?" मग मी आधी आभाळाकडे बघायचो, मग मातीचं ढेकूळ मुठीत चुरडायचो, मग चष्मा काढून पुसायचो. ही तिन्ही कामं उरकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा माझा शिरस्ता. उत्तर दरवर्षी तेच : 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, वाफसा येऊ द्या, मग तिफण काढा. शिफारस विद्यापीठाची, पण चष्मा पुसून सांगितली की माझी वाटायची.

त्यामुळे नातीला वरचं कधी सुरू करायचं हा विषय घरात निघाला, तेव्हा मी चष्मा पुसून तयार होतो. कुणी विचारलंच नाही. सून म्हणाली, "बाबा, बाहेर चाललाच आहात तर डायपर आणता का?"

नात पाच महिन्यांची झाली होती. भोकरदनकडून आमची अक्का चार दिवसांसाठी आली होती, त्याला तीन आठवडे झाले होते. आम्ही जेवायला बसलो की पोरगी ताटातून तोंडाकडे आणि तोंडाकडून ताटाकडे असे आमचे घास मोजायची. ते पाहून अक्काचा जीव तुटायचा. "काहून उपाशी ठेवलं लेकराला? पाहा बरं कशी टुकूटुकू पाहून राह्यली!" तिचा हिशेब पक्का : मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम. म्हणजे पाचवा, नाहीतर सातवा. पाचवा गेला की दोन महिने लेकरू ताटाकडे बघत राहणार.

सुनेचा हिशेबही पक्का. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध. वर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. मे महिना असला तरी नाही, दुधातच पाणी असतं. नळाची वाट बघण्यात ज्या गावाचा जन्म गेला, त्या जालन्यात पाणी न लागणारं हे पहिलंच माणूस.

एकीकडे सहा, दुसरीकडे पाच-सात. शेजारच्या काकूंचं मत तिसरंच : दात दिसला की सुरू करा. विहीणबाई फोनवर रोज चौथं मत द्यायच्या. माझं मत कुणी न मागितल्यामुळे ते आतल्या आत वाढत होतं. रात्री दोन वाजता मला साक्षात्कार झाला. मी उठलो, कॅलेंडर काढलं, बोटं मोजली आणि सकाळी चहाच्या वेळी घोषणा केली, "अरे, सहा महिने पूर्ण झाले म्हणजे सातवा लागला! डॉक्टरही बरोबर, अक्काही बरोबर!" धर्म आणि विज्ञान यांचा समेट चहाच्या कपाशी घडवून आणल्याचं तेज माझ्या चेहऱ्यावर असणार.

अक्का आणि सून एकमेकींकडे बघून हसल्या. "हो बाबा," सून म्हणाली, "ते आमचं परवाच ठरलं. उष्टावणाचा दिवसही काढला. मामाला कळवलंय."

मग मी अभ्यासाला लागलो. निर्णयात स्थान नसलं की माणूस कारणमीमांसेत शिरतो. सहाच महिने का? तर बाळ जन्माला येताना आईकडून लोहाचा साठा बांधून आणतं. तो सहा महिन्यांच्या आसपास आटतो, आणि दुधातून मिळणारं लोह वाढत्या अंगाला पुरत नाही. हे वाचून मी खिडकीतून बाहेर पाहिलं. सळयांनी भरलेला ट्रक चालला होता. अख्ख्या देशाला लोखंड पुरवणारं आमचं गाव, आणि घरातल्या एवढ्याशा जिवाचं लोह संपत आलेलं.

तारखेपेक्षा मला लक्षणं जास्त पटली. मान धरते का? आधार दिला की बसते का? घास दिसला की तोंड उघडते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं : जिभेवर काही ठेवलं की जीभ ते बाहेर ढकलते का? लहान बाळाची जीभ दुधाखेरीज आलेली वस्तू परत पाठवते. ही सवय चार ते सहा महिन्यांत हळूहळू सुटते. हा तर वाफसाच! पंचांगात मृग निघालं म्हणून कुणी पेरत नाही; माती मुठीत धरली की लाडू व्हावा, टाकला की फुटावा, तेव्हा पेरायचं. हे मी सुनेला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे माझी मुलगी ढेकूळ का बाबा?"

पहिलं काय द्यायचं, यावरून दुसरी फेरी झाली. अक्का म्हणाली, वरणाचं पाणी. इथे मला बोलावंच लागलं. वाचकांनी मला माफ करावं. तुरीचा विषय निघाला की मला बायकोही थांबवू शकलेली नाही.

जालन्याहून संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की बदनापूर येतं. तिथल्या कृषी संशोधन केंद्रानं तुरीचे जे वाण दिले, त्यांवर मराठवाड्याचं वरण उकळतं. बीएसएमआर 736 ही तांबडी तूर घ्या. नावातला बी बदनापूरचा, पुढची तीन अक्षरं वांझ रोगाला दाद न देण्याची. एकदा मी पाहुण्यांसमोर, सून दिवसांत असताना, "आमच्या बदनापूरनं वांझपणावर जे काम केलंय" असं वाक्य सुरू केलं होतं. हिनं हातातलं उलथनं असं आपटलं की ते वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही. मग आली बीडीएन 711. पांढरी, साधारण दीडशे दिवसांत हाती येणारी. पाऊस लवकर पाठ फिरवतो त्या आमच्या भागात हे दीडशे दिवस म्हणजे वरदान. विचार करा : दीडशे दिवसांत तूर उगवते, फुलते, शेंगा धरते आणि खळ्यावर येते. माणसाचं पोर एकशेऐंशी दिवसांत फक्त जेवायला बसण्याच्या लायकीचं होतं, तेही पाठीला उशी लावून. मला रात्री कुणी उठवून विचारलं तरी मी सांगेन की 711 ला घाटेअळी कधी येते, ओळीत अंतर किती, डाळ किती लवकर शिजते...

तर मुद्दा असा की, एवढं करून पिकवलेल्या तुरीचं सत्त्व असतं तळाशी, आणि आपण बाळाला देतो वरचं पाणी! पोट असतं मुठीएवढं, ते पाण्यानं भरलं तर पोषण मावणार कुठे? सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला साधारण 200 कॅलरी वरच्या अन्नातून लागतात. त्या पाण्यातून यायच्या नाहीत. वरणभात मऊ कालवायचा, वर तुपाचा थेंब, आणि इतका दाट की चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा, मग हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. दूध चालूच, दोन वर्षं आणि पुढेही.

"आणि मीठ?" अक्कानं विचारलं.

वर्षाच्या आत नाही.

"साखर?"

नाही.

"अंगठीनं मध तरी चाटवू दे."

मध तर मुळीच नाही. त्यात जे जंतू असू शकतात त्यांच्यापुढे वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्याचं काही चालत नाही.

अक्का माझ्याकडे वळली. "मीठ नाही, गोड नाही. लेकरू हाय का तुझ्यावानी बीपी-शुगरचं म्हातारं?" खरंच की. माझी आणि नातीची पथ्यं एक झाली होती. फरक एवढाच की, ती चोरून खात नव्हती.

इतपत सगळं हसण्यावारी होतं. पण मला एक हौस आली. नातीच्या पहिल्या घासाशी तिच्या बापाच्या पहिल्या घासाची तुलना करावी, दोन पिढ्यांचा तक्ता करावा. माझ्या सगळ्या डायऱ्या जपून ठेवलेल्या आहेत. मुलगा ऑगस्ट 1988 चा. मी नोव्हेंबर-डिसेंबरची पानं चाळली. "परतूर. हरभरा, घाटेअळी, सरासरी दोन अळ्या प्रति मीटर ओळ." "मंठा. रब्बी ज्वारी बरी." "घनसावंगी. शेतकरी मेळावा, उपस्थिती 40, चहा 40." मुलाचा उल्लेख एकदाच सापडला : "घरी ताप. औषध दिले."

मी हिला विचारलं, "आपल्या पोराला वरचं कधी सुरू केलं गं?"

ती कांदा चिरत होती. "चौथ्या महिन्यात."

"एवढ्या लवकर? का?"

तिनं सुरी ठेवली. "रजा संपली म्हणून."

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तेव्हा बाळंतपणाची रजा 90 दिवसांची. नोव्हेंबरात ती सकाळची एसटी धरून गावाला जायची आणि शेजारच्या आजी पोराला सांभाळायच्या. पोर बोंडल्यानं दूध घेईना, म्हणून आजी मऊ भात कालवून द्यायच्या. ही दुपारी शाळेच्या कोठीत बसून पदर पिळायची. "तेव्हा डॉक्टरही चार महिन्यांनी सुरू करा म्हणायचे, म्हणून मनाला लावून घेतलं नाही," ती म्हणाली. आणि मग, कांद्याचं निमित्त होतंच, तिनं डोळे पुसले.

डॉक्टरचं तेव्हा चुकलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा 2001 पर्यंत 'चार ते सहा महिने' म्हणायची. त्या वर्षी पूर्ण सहा महिन्यांवर आली. शिफारशी बदलतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मी स्वतः बांधाबांधावर बीएचसी या कीटकनाशकाची भुकटी धुरळायला सांगत फिरलो. 1997 मध्ये तिच्यावर बंदी आली. पण मला खुपलं ते वेगळंच. पोराला कधी भरवायचं हे ना डॉक्टरनं ठरवलं, ना आईनं, ना वाफशानं. ते एका रजेच्या अर्जानं ठरवलं. आणि तो अर्ज लिहून देणारा मीच होतो. माझं अक्षर चांगलं म्हणून.

सुनेला 26 आठवडे मिळाले, ते 2017 च्या कायद्यातल्या दुरुस्तीमुळे. आदल्या आठवड्यापर्यंत कामावर गेली, म्हणून जवळजवळ सगळी रजा पोरीच्या वाट्याला आली. डॉक्टरांचे सहा महिने आणि कायद्याचे सहा महिने आमच्या घरात जुळले. दिवाळीनंतर आमच्याच जिल्ह्यातल्या तांड्यांवरून ऊसतोडीला ज्या बायका निघतात, त्यांचं कशाशीच जुळत नाही. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्या कोयत्याच्या अर्ध्या भागाला सहा महिन्यांचं लेकरू असलं तर ते फडाच्या कडेला साडीच्या झोळीत, आणि त्याचं वरचं म्हणजे चहात बुडवलेलं बिस्कीट. मी एकतीस वर्षं त्या रस्त्यांनी फिरलो. एकाही आईला मी कधी काही विचारल्याचं डायरीत नाही. तिथेही मी ऊस मोजला.

असो. उष्टावण झालं. मामानं चांदीच्या वाटीतून पहिला घास दिला. पोरीनं तो जिभेवर घोळवला, आमच्या सगळ्यांकडे एक नजर टाकली आणि हनुवटीवर सोडून दिला. दुसरा मात्र गिळला. मग आयुष्यात ती पुढे कोण होणार हे बघायला तिच्यासमोर वस्तू मांडल्या : पेन, पुस्तक, अंगठी. मी मोठ्या भक्तीनं काळी माती आणि 711 चे चार दाणे ठेवले. सुनेनं दाणे झटकन उचलले, "बाबा, घशात अडकतात." पोरगी पुढे झुकली, सगळ्या वस्तू ओलांडल्या आणि कडेला वाकून बसलेल्या माझ्या नाकावरचा चष्मा ओढला. पुसला नाही. चाटला.

अक्का म्हणाली, "झाली बरं का साहेब!"

त्या रात्री मी डायरीत लिहिलं : "नात. पहिला घास. दोन चमचे वरणभात, पैकी दीड बाहेर." 1988 च्या पानांपुढे ही नोंद ठेवली तर तक्ता काही भरत नाही. तो आता भरणारही नाही.

सून कामावर जाऊ लागली आहे. दुपारचं भरवणं आजीकडे आणि वाटी-चमचा उकळून ठेवणं माझ्याकडे. तेव्हा घरात सहा महिन्यांचं लेकरू असेल, तर कधी आणि काय सुरू करायचं हे विचारायला माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरांना, अंगणवाडीच्या ताईंना विचारा, आणि आधी त्याच्या आईला विचारा. वाटी घासायला माणूस हवा असेल तर मात्र बोलवा. ते मला आता येतं.