बिनघामाचा व्यायाम

व्यायाम म्हटला की घाम निघाला पाहिजे, धाप लागली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवली पाहिजे, अशी आपल्याकडे पूर्वापार समजूत आहे. जोर-बैठका, सूर्यनमस्कार आणि पुण्यात राहत असाल तर पहाटेची पर्वती, एवढ्यालाच व्यायाम म्हणतात. बाकी सगळी हालचाल. त्यामुळे खुर्चीत बसून पायाची बोटं मुडपायची आणि पुन्हा सरळ करायची, याला व्यायाम म्हणायला आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, अजिबात तयार नव्हते. "मग जांभई देणं हासुद्धा व्यायामच की," असं त्यांनी फिजिओथेरपिस्ट बाईंना तोंडावर सांगितलं. बाईंनी हे पूर्वी ऐकलेलं असावं. त्यांनी फरशीवर एक धुतलेला पंचा पसरला, आप्पांचा पाय त्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हा बोटांनी गोळा करा बघू." आप्पांनी दातओठ खाल्ले, खुर्चीचे हात घट्ट धरले, कपाळाला आठ्या पडल्या. पंचा जागचा हलला नाही.

आप्पांची साखर जुनी, निवृत्तीच्याही आधीची. पण ती कधी जाणवली नाही, आणि जाणवली नाही हेच तर सगळ्याचं मूळ. एका लग्नात त्यांच्या बुटात सुपारीचं खांड गेलं. कसं गेलं ते खिशातल्या पुडीला ठाऊक. आप्पा दिवसभर ते पायाखाली घेऊन हिंडले, पाहुण्यांना आग्रह केला, फोटोसाठी स्टेजवर चढले-उतरले. रात्री घरी आल्यावर मोजा काढला तो लाल. बूट झटकला तेव्हा खांड टणकन फरशीवर पडलं. "दुखलं कसं नाही हो?" असं आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, विचारलं. वर्षानुवर्षं साखर चढलेली राहिली की नसा मरगळतात, आणि सगळ्यांत लांबच्या आधी. म्हणजे पावलांच्या. त्यानंतरचे महिने ड्रेसिंग, प्लास्टर आणि "पाय टेकायचा नाही" यांत गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, वासाबद्दल तर नाहीच.

जखम भरली तेव्हा आम्ही पेढे आणले. आप्पांना अर्थातच नव्हते. डॉक्टरांनी मात्र पेढा हातात धरूनच सांगितलं की अशा जखमा भरलेल्या 100 जणांपैकी सुमारे 40 जणांना वर्षाच्या आत पुन्हा जखम होते. पाच वर्षांत हा आकडा 65च्या घरात जातो. पेढ्यांचा पुडा आम्ही तसाच बांधून घरी आणला.

त्याच भेटीत डॉक्टरांनी आप्पांना नमस्कार करायला सांगितलं. आप्पा जुन्या वळणाचे; डॉक्टर मागतायत तर करू, म्हणून त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. डॉक्टर बघत होते ते तळव्यांमधल्या फटीकडे. बोटांची टोकं जुळली होती, पण मधून पलीकडचं कॅलेंडर दिसत होतं. रक्तातली जादा साखर कालांतराने स्नायूबंधांतल्या प्रथिनांना चिकटते आणि सांधे आखडतात. हाताचं दिसतं, पायाचं बुटात झाकलेलं असतं. घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार चवड्यावर येतो. नेमका जिथे आप्पांची जखम होती तिथे. पावलातले बारके स्नायू झिजतात, बोटं नखं रोवल्यासारखी वाकतात. म्हणून हा पंचा. म्हणून घोटा वर-खाली, घोटा गोल, पंजा स्वतःकडे ओढून धरायचा आणि सोडायचा. सगळं बसून, पायावर भार न देता, कारण नवी कातडी दिसते बरी पण जुनीइतकी सोशिक नसते.

घरी सुरुवातीला आप्पा बातम्या बघत व्यायाम करायचे. एका संध्याकाळी आई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "अहो, अंगठा हलत नाहीये."

"हलतोय."

"बघा तरी."

आप्पांनी मान खाली घातली. टीव्हीवर कुणीतरी कुणाचा तरी राजीनामा मागत होतं आणि आप्पांचा अंगठा या सगळ्यापासून अलिप्त, सरळ उभा होता. हलत होता तो घोटा. मनाने हुकूम सोडला होता, पायाने तो भलत्याच खात्याकडे पाठवला होता आणि काम झाल्याचा अहवालही परस्पर देऊन टाकला होता. मला वाटतं, या व्यायामातली अवघड गोष्ट ती हीच. दुखत नाही, घाम येत नाही, झाला की नाही तेही कळत नाही. पावलाचं सगळं कामकाज आता डोळ्यांनी बघून करायचं, आणि स्वतःचे डोळे पुरले नाहीत तर घरातल्यांचे उसने घ्यायचे. तेव्हापासून व्यायामाच्या वेळी टीव्ही बंद असतो. आप्पांच्या मते हा त्यांच्यावर नाही, बातम्यांवर अन्याय आहे.

तपासणीच्या वेळी हेच झालं होतं. डॉक्टरांकडे नायलॉनचा एक धागा असतो, 10 ग्रॅमचा दाब पडला की वाकणारा. डोळे मिटायला सांगून ते तो तळव्याला ठिकठिकाणी लावतात आणि कळलं की "हो" म्हणायचं. आप्पा आयुष्यभर परीक्षेत पहिले. त्यांनी ताल धरून "हो, हो" म्हणायला सुरुवात केली. डॉक्टर मधूनच धागा न लावताही थांबत होते, हे त्यांना डोळे उघडल्यावर कळलं.

डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट मी आप्पांना सांगितली ती त्या सुमारास. 1914 मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मलेले हे सर्जन वेल्लोरला कुष्ठरोग्यांचे हात-पाय दुरुस्त करत. बोटं रोगाने झडत नाहीत, वेदना नसल्यामुळे वापरता वापरता जातात, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवलं. मधुमेहाच्या पायाबद्दलचं पुष्कळसं शहाणपण तिथूनच आलं. आप्पांच्या पायातली काळी, मऊ एमसीआर चप्पलसुद्धा आधी कुष्ठरोग्यांच्याच पायात होती. तर ब्रँड यांच्या काही रुग्णांची बोटं रात्रीतून कमी व्हायची. शोध घेतला तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि माणसाला जाग येत नव्हती. मग घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत एक मांजर देण्याची पद्धत पडली.

"आपणही एक आणू या," आप्पा उत्साहाने म्हणाले.

"मी आहे ना," आई म्हणाल्या.

आणि त्या आहेतच. रात्री जेवणं झाली की दाढीचा आरसा जमिनीवर येतो, आप्पा त्यावर पाय धरतात, आई चष्मा पुसून बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत पाहणी करतात. मग विरजण लावताना दुधाला लावतात तसा हाताचा पालथा भाग दोन्ही तळव्यांना लावतात. कोविडमध्ये दुकानांच्या दारात रोखून धरायचे तसला, पण त्वचेचं तापमान दाखवणारा थर्मामीटरही आता आहे. दोन्ही पायांच्या एकाच जागेत 2.2 अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला आणि दुसऱ्या दिवशीही टिकला, तर आत काहीतरी धुमसतंय. चालणं बंद, डॉक्टरांना फोन. थर्मामीटर आल्यापासून आईंचा हात खोटा ठरलेला नाही, हे त्या मला अधूनमधून सांगतात.

पाहुण्यांचा बंदोबस्त मात्र कठीण. मधुमेह या विषयावर बोलायला आपल्याकडे पात्रता लागत नाही. एकजण पहाटे दवावर अनवाणी चालायला सांगून गेले. एका मावशींनी काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय लाल होईपर्यंत घासायचा सल्ला दिला. कुणी मीठ घालून कढत पाण्यात पाय बुडवायला सांगितलं. पाणी किती कढत आहे हे ज्या पायाला कळत नाही त्याच पायाला. आप्पांच्या मेव्हण्यांनी तर ॲक्युप्रेशरच्या काटेरी चपलाच आणल्या. त्या बुटांच्या कपाटात वरच्या खणात आहेत. आल्यागेल्याला दाखवतात, घालत कुणी नाही.

बाईंनी खुणा करायला एक तक्ता दिला होता. आप्पांनी सोमवारीच रविवारपर्यंतच्या खुणा करून टाकल्या, तेव्हा पेन आईंच्या ताब्यात गेलं. पण पंचा आता सरकतो. अंगठासुद्धा, बघत राहिलं तर, मान डोलावतो. या जोरावर आप्पांनी बाईंना विचारलं, आषाढीला पालखीबरोबर दिवे घाट चढता येईल का? तरुणपणी ते माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत जात, बऱ्याचदा अनवाणी. बाई म्हणाल्या, "आधी सोसायटीच्या गेटपर्यंत. चप्पल झटकून, मोजे घालून. आल्यावर पाय बघायचा. लाल दिसला तर उद्या सुट्टी."

आप्पा गेटपर्यंत गेले. तिथे वॉचमन भेटला, मग कुलकर्णी, मग पाणीकपात. पाऊण तास उभ्याने गप्पा झाल्या. घरी आल्यावर ते म्हणाले, आज व्यायाम जरा जास्तच झाला. आईंनी आरसा काढला. चवड्यावर गुलाबी छटा होती, सकाळपर्यंत गेली. बाईंकडे तक्रार गेली तेव्हा त्यांनी निकाल आईंच्या बाजूने दिला. उभं राहणं हाही पायावर भारच, आणि गप्पा व्यायामात धरत नाहीत. आप्पांनी निकाल मान्य केला आहे. गेटपाशी एक खुर्ची कायमची ठेवावी, असा अर्ज त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी दिला असून त्यावर कुलकर्ण्यांचीही सही आहे.